कपाळाचे कष्ट

वरची पापणी उचलून धरणारा एक पातळ स्नायू असतो. माणूस जागा आहे तोवर त्याला उसंत नाही. वय झालं की काही जणांत त्याचं पडद्यासारखं टोक पापणीच्या आतल्या ताठ पट्टीपासून सुटत जातं. स्नायूत जोर असतो, पकड गेलेली असते. एरवी बुबुळाची वरची १ ते २ मिलिमीटर कड झाकणारी पापणी मग बाहुलीपर्यंत उतरते.

आईचं हे इतकं सावकाश झालं की ते काम कपाळानं परस्पर अंगावर घेतलं. भुवया सतत वर, कपाळाला आठ्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यात कधी काळजी दिसे, कधी राग. होते ते कष्ट. संध्याकाळी कपाळही दमायचं; मग ती बोटानं पापणी वर धरून पेपर वाचायची.

डॉक्टरांनी तिला बराच वेळ वर बघायला लावलं. एकाचे दोन दिसतात का, विचारलं. मायस्थेनिया या स्नायू थकवणाऱ्या आजारातही पापणी पडते, पण तिथे आधी औषधं. आणि पापणी अचानक पडून बाहुली मोठी झाली असेल, तर मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी नसेवर दाबत असू शकते. तेव्हा तडक इस्पितळ गाठायचं.

आईचं तसं काही नव्हतं. सुटलेलं टोक पट्टीला पुन्हा जोडायच्या शस्त्रक्रियेत भूल पापणीपुरतीच दिली. टाका घालायचा, गाठ पक्की करायची नाही. "काकू, डोळे उघडा. समोर बघा." तिला उठवून बसवलं, दोन्ही पापण्या ताडून पाहिल्या, मगच गाठ. पापणी जास्त ओढली तर डोळा मिटत नाही, कोरडा पडतो. तिच्या नजरेचं माप तिच्याच नजरेनं घेतलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. सूज उतरल्यावर भुवया आपोआप खाली आल्या. "माहेरी राहून आलात का?" शेजारणीनं विचारलं.

काही मुलांचा हा स्नायू जन्मापासूनच दुबळा असतो. तो फारच दुबळा असेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात, सिलिकॉनच्या दोरीनं किंवा मांडीतल्या चिवट आवरणाची पट्टी काढून. आईचं कपाळ आपणहून करत होतं, तेच काम मुलाच्या कपाळाला नेमून दिलं जातं. असं मूल हनुवटी उचलून बघतं आणि लोक त्याला शिष्ट म्हणतात. मुलगी असली की घरचे म्हणतात, लग्नाच्या वेळी बघू. हे ऐकलं की जीव तुटतो. बाहुली झाकलेली राहिली तर मेंदू त्या डोळ्यानं बघायला शिकतच नाही, आणि शिकण्याची वर्षं असतात पहिली ७-८.