उशिरा विरणारी कणी

यंदा बोटांनी साथ सोडली. विरलेल्या चुन्यातली मोहरीएवढी कणी आता मला चिमटीत लागत नाही. हाताखाली शिकणाऱ्या पुतणीला लागते. "काका, अजून आहे," ती म्हणते आणि काम थांबतं.

ही कणी म्हणजे भट्टीत जास्त भाजलेला खडा. ९०० अंशांच्या आसपास चुनखडीतला वायू निघून जातो. १०० किलो शुद्ध दगडाची ५६ किलो कळी, म्हणजे न विरलेला चुना, उरते. आत बारीक छिद्रं राहतात, म्हणून पाणी पडताच कळी उकळते, फुटते. कोळशाला लागून असलेल्या खड्याची छिद्रं जादा आचेनं आवळतात. त्याच्या पोटात पाणी शिरायला महिनेही लागतात. तोवर गिलावा घोटून झालेला असतो. मग खडा भिंतीतली ओल पिऊन फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवतो.

चोख चुना पाण्याखाली वर्षानुवर्षं मुरवता येतो. तीन वर्षांहून ताजा चुना न वापरण्याचा जुना नियम रोमन लेखक प्लिनीनं नोंदवला आहे. पण शिरवळच्या आसपास, काळ्या रानात नि ओढ्याकाठी मिळणाऱ्या चुनखडीत माती असते. ती भट्टीत चुन्याशी जुळते आणि असा चुना पाण्यातही घट्ट होतो. १८७९ साली पुरं झालेलं खडकवासल्याचं धरण चुन्यातच बांधलेलं; पाण्यातल्या कामाला असाच चुना हवा. तोच फार दिवस भिजत ठेवला तर हौदातच आवळतो, आणि लवकर काढला तर कणी राहते. या दोहोंमधला दिवस नेमका कोणता, हे दर भट्टीला नव्यानं शोधावं लागतं. चाळण आणि चुना दळायचा घाणा मदत करतात, पण सगळी कणी त्यांच्या हाती लागत नाही.

हल्ली जो तो चुन्यात घालायच्या गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद यांची प्रमाणं सांगतो. त्यांना माझा विरोध नाही, पण गुळानं कणी विरत नाही. चुन्यात पांढरं सिमेंट कालवून त्याला जुनी पद्धत म्हणणाऱ्यांचा मात्र मला राग येतो. जुन्या दगडी भिंतीला श्वास लागतो, तो सिमेंट कोंडतं.

शेवटची चिमूट अजून मीच घेतो. पुतणीचा हात माझ्याहून खरा आहे हे कळतं, तरी निकाल माझ्या तोंडून यावा असं वाटतं. माझ्या गिलाव्याला फोड येत नाही, हे ऐकायची मला चटक आहे.

वाड्याचं काम काढणार असाल तर गवंड्याला गूळ किती घालणार हे विचारू नका. दगड कुठला आणि चुना विरवून किती दिवस झाले, हे विचारा. तो थांबा म्हणाला तर थांबा.