ऊर्जा बदलते तेव्हा

एट्रियल फिब्रिलेशनवरच्या ॲब्लेशनमध्ये ऊर्जा बदलली की आपण काय जपायचं, तेही बदलतं. वेगवेगळ्या पद्धतींनी काम करताना मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच.

साध्य मात्र एकच आहे. १९९८ साली बोर्दोच्या मिशेल हायसागेर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या बेताल ठोक्यांची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांमध्ये पडते. म्हणून शिरांच्या मुखाभोवतीच्या पेशींचं अखंड कडं निकामी करायचं. मग आत काहीही पेटलं तरी ते अलिंदापर्यंत पोहोचत नाही.

उष्णतेने डागणाऱ्या रेडिओफ्रिक्वेन्सीत हे कडं बिंदूला बिंदू जोडत पुरं होतं. कॅथेटरचं टोक भिंतीवर किती ग्रॅम दाबाने टेकलंय, ते पडद्यावर दिसतं. दाब कमी पडला तर डाग उथळ राहतो आणि पुढे तिथूनच प्रवाह वाट काढतो. जास्त झाला तर भिंत फुटायची भीती. अलिंदाच्या मागे अन्ननलिका अगदी खेटून असते. तिथे पोचलं की ऊर्जा आणि वेळ दोन्ही आखडते घ्यायचे आणि अन्ननलिकेतल्या तापमानावरून नजर हटवायची नाही.

क्रायोबलूनमध्ये २८ मिलिमीटरचा फुगा शिरेच्या तोंडाशी बसवायचा, डाय सोडून गळती नाही ना ते पाहायचं आणि गोठवायला घ्यायचं. फुगा नीट बसला तर एका दमात कडं तयार. २०१६च्या ‘फायर अँड आइस’ चाचणीत, अधूनमधून फिब्रिलेशन होणाऱ्या रुग्णांमध्ये ही पद्धत रेडिओफ्रिक्वेन्सीच्या तोडीस तोड ठरली. इथे जपायची असते ती श्वासपटलाची उजवी नस. उजव्या शिरा गोठवताना त्या नसेला वरून पेसिंग देत राहतो आणि एक तळहात रुग्णाच्या पोटावर ठेवतो. प्रत्येक स्पंदाला श्वासपटल उसळतं, हाताला ठोसा लागतो. ठोसा मंदावला, की त्याच क्षणी गोठवणं बंद.

आता पल्स्ड फील्ड आलं आहे. अतिसूक्ष्म काळाचे, उच्च दाबाचे विद्युत स्पंद पेशींच्या आवरणाला छिद्रं पाडतात. हृदयस्नायू त्यांना लवकर बळी पडतो. अन्ननलिका आणि नसा बहुतांशी बचावतात. २०२३च्या ‘ॲडव्हेंट’ चाचणीत ही पद्धत उष्णतेच्या आणि थंडीच्या पद्धतींपेक्षा कमी ठरली नाही, आणि कामही लवकर उरकतं. पण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीजवळ स्पंद दिले तर ती आकसू शकते. स्पंद फार झाले तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. म्हणजे स्पंदांचा हिशेब ठेवणं आलं, पुरेसं सलाइन देणं आलं.

शिकायला येणारी मुलं विचारतात, पल्स्ड फील्ड हाताशी असताना रेडिओफ्रिक्वेन्सीवर एवढा घाम का गाळायचा? माझं मत ठाम आहे: गाळायचाच. पहिलं ॲब्लेशन कोणत्याही ऊर्जेने झालेलं असो, ठोके पुन्हा बिघडून रुग्ण परत आला, की कड्यातली नेमकी फट शोधावी लागते किंवा अलिंदात फिरणारा फ्लटरचा प्रवाह नेमक्या जागी तोडावा लागतो. हे काम सिग्नल वाचत, एकेका बिंदूने पुढे सरकतच शिकता येतं. ज्याला ते येतं, त्याच्या हाती कोणतंही नवं साधन सोपवायला मी कचरत नाही.