उन्हवरे, उन्हेरे आणि मावशीचे गुडघे

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा 'गरम' आहे.

घोडेगावच्या मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. म्हणजे ठरलं होतं. आता तिचं म्हणणं, ते पुढे ढकलू, आधी वज्रेश्वरीच्या कुंडात बसून बघते. "अरे, खाली ज्वालामुखी आहे. त्याच्या गंधकाचं पाणी ते, औषधच!" निकाल द्यायचं काम अर्थातच माझ्याकडे. (कॉम्प्युटर इंजिनियरला फ्रीजपासून भूगर्भापर्यंत सगळं कळतं, असा आमच्या घरात समज आहे.)

तर ज्वालामुखी. जुन्नर-आंबेगावात त्याची कमी नाही. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाटाचा कडा, सगळा थिजलेला लाव्हाच. पण त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. तेव्हाची धग आता कुठली? लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर गरम पाणी फिरलं, खडकातलं सिलिका नि कॅल्शियम विरघळवून तिथे जमवत गेलं. दख्खनच्या कातळात पांढरे-गुलाबी स्फटिक सापडतात ना, ते झिओलाइट म्हणजे त्या पाण्याची खूण. याहून ताजा ज्वालामुखी जुन्नरमध्ये एकच, बोरी बुद्रुकला कुकडीकाठी असलेला राखेचा थर. तोही इंपोर्टेड! राख आली सुमात्रातल्या टोबाहून. ओळख पटली रसायनावरून: आपल्या बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण निम्मं, त्या राखेत सत्तर टक्क्यांच्या वर.

आता घाटाखाली या. पालघरपासून राजापूरपर्यंत कोकणात गरम झऱ्यांची लांबलचक रांग आहे. लोकांनी गावांची नावंच तशी ठेवली: उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे. ऊन ऊन पाणी, बास. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास.

पण खरोखर ज्वालामुखी पाणी कसं असतं? इथिओपियात डॅलॉल नावाची जागा आहे. शंभर अंशांच्या वर तापलेलं, पिवळं-हिरवं, सामू शून्याच्या जवळ. खालच्या शिलारसातून येणारे वायू पाण्यात मिसळून त्याचं अ‍ॅसिड होतं. सामूतला एक आकडा म्हणजे दहापट फरक, तेव्हा साध्या पाण्याच्या सातपासून शून्यापर्यंत एक कोटी पट! त्यात पाय घातला तर गुडघ्याचा प्रश्नच मिटेल.

आपल्या कोकणातल्या पाण्याचा सामू सात-आठच्या घरात. त्यात मीठ आहे, कॅल्शियम आहे, काही ठिकाणी गंधकाचा वासही येतो. पण वर येणाऱ्या बुडबुड्यांत मुख्यतः नायट्रोजन, म्हणजे पावसाने सोबत नेलेली हवा. पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या समस्थानिकांची साक्षही तीच: हे पाणी पावसाचं.

मग तापतं कसं? जमिनीत दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश वाढतात. पाऊस भेगांतून खोल मुरतो, तापतो आणि दुसऱ्या भेगेतून वर येतो. किती तापला होता, त्याचा लॉग पाण्यातच असतो. गरम पाण्यात सिलिका जास्त विरघळतं आणि पाणी निवलं तरी ते लगेच खाली बसत नाही. त्यामुळे वर मोजलेल्या सिलिकावरून खालचं तापमान काढता येतं. कोकणात ते शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास येतं, म्हणजे पाणी तीनेक किलोमीटर खाली जाऊन आलेलं. कुठलाही डीबगर इतकं प्रामाणिक सांगत नाही.

हे सगळं फोनवर ऐकून मावशी म्हणाली, "म्हणजे आपला पाऊसच तापून येतो म्हण की." हो मावशी. ऊन पाण्यात सांधे सैल होतात, बरं वाटतं, त्यात खोटं काहीच नाही. पण झिजलेली कूर्चा काही त्याने परत येत नाही, मग खाली ज्वालामुखी असो वा नसो.

ती जरा वेळ गप्प होती. मग तारीख विचारली, ऑपरेशनची. वज्रेश्वरीला टाके सुकल्यावर आणि डॉक्टर हो म्हणाल्यावर जायचंय. गाडी मीच चालवणार, हेही तिने ठरवून टाकलंय.