मोत्याचा कासरा

घरात कुत्रे आणायचे ठरले तेव्हा माझे मत कोणी विचारले नव्हते. चिरंजीवांनी एके दिवशी पिशवीतून अडीच महिन्यांचे पिल्लू आणले, सौ.ने त्याचे नाव मोत्या ठेवले, आणि निवृत्त होऊन घरी बसलेला माणूस मीच, म्हणून त्याला फिरवण्याचे काम माझ्याकडे आले. गुरांच्या डॉक्टरांनी बजावले होते की लसी पुऱ्या होईपर्यंत बाहेर काढू नका, तोवर गळपट्ट्याची सवय घरातच लावा. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे सहज शिरली पाहिजेत, एवढे शास्त्र मला चटकन समजले. पुढचे समजायला वेळ लागला.

पहिल्याच दिवशी दैत्यसूदनाच्या देवळापाशी मोत्याने बैठक मारली. मी दोरी ओढली. त्याने चारी पाय रोवले. मी आणखी ओढली. पानटपरीवरून आवाज आला, "गुरुजी, वखर ओढून राहिले का जी?" तीस वर्षे वर्गात शिस्त राखलेल्या माणसाने हे ऐकावे! मी मोत्याला काखोटीस मारून घरी आणले.

ओसरीवर आबा बसले होते. आबा म्हणजे माझे वडील. पन्नास वर्षांपूर्वीच्या बैलजोड्यांचे रंग त्यांना अजून आठवतात. सकाळचा चहा झाला की नाही, हे आठवत नाही. रोज पहाटे धारेवर जाण्याचा त्यांचा जुना परिपाठ. गेल्या वर्षी एकदा एकटेच निघाले आणि दिवेलागणीला विवराच्या उतारावर सापडले. आमचे विवर दीडशे मीटर खोल आहे. बाहेरच्यांना ते पाहण्याची जागा, मला त्या दिवसापासून त्याची धास्ती. तेव्हापासून आबांना नेताना मी त्यांचे मनगट घट्ट धरतो. ते हिसडा देतात. "मी काय चोर हाय?" असे एकदा भर बाजारात ओरडले होते.

मोत्याची कर्मकथा ऐकून आबा म्हणाले, "तू काहून ओढतं त्याले? कासरा ओढला का गोऱ्हा अडतेच. थांब. तो ढिला झाला का मंग चाल."

दुसऱ्या दिवशी मी तसे केले. दोरी ताणली गेली की उभा राहायचे, एक शब्द बोलायचा नाही. सैल झाली की निघायचे, आणि पिल्लू पायाशी आले की खिशातला भाकरीचा तुकडा द्यायचा. पाच मिनिटांत दहा पावले झाली. पानटपरीवाल्यांनी माझी आशा सोडली. पण लहान पिल्लाला पाच-सात मिनिटांहून अधिक शिकवूच नये, हेही मला हळूहळू कळले. कंटाळले की ते दोरी चावू लागते. तीन आठवड्यांत आम्ही धारेच्या वाटेपर्यंत पोहोचलो. खाली विवरात २००० सालापासून अभयारण्य आहे, तिथे कुत्र्याला मज्जाव. म्हणून वरूनच मोर ऐकायचे आणि परतायचे. वानरे दिसली की मात्र सारे शिक्षण वाया जाई.

परवा आबा म्हणाले, "आण इकडे कासरा." मला धीर होत नव्हता, दिला. देवळाच्या पुढच्या वळणावर आबा एकाएकी थांबले. डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. चेहऱ्यावर ती ओळखीची पोकळी आली. माझा हात त्यांच्या मनगटाकडे गेला, आणि तसाच राहिला. मी उभा राहिलो. मोत्याही बसला, दोरी सैल होती. एक बैलगाडी गेली, मागून दोन मोटारसायकली गेल्या. सौ. पाहत असती तर मला बोलली असती.

बऱ्याच वेळाने आबा मोत्याला म्हणाले, "चाल रे," आणि धारेच्या बाजूला वळले. मी चार पावले मागून, रिकाम्या हातांनी.