किक, किणकिण आणि काकांची बुलेट

बुलेट दुरुस्त करणाऱ्यांकडे एक वाक्य कायम तयार असतं : ‘इंजिन खोलावं लागेल.’ धूर येतोय? खोलावं लागेल. पिकअप नाही? खोलावं लागेल. माझ्यासाठी या वाक्याची किंमत होती बत्तीस हजार रुपये. बिगेंड, बोअर, पिस्टन, मजुरी धरून. वर मेकॅनिकचा फुकट सल्ला, ‘मॅडम, त्यापेक्षा विकून टाका आणि स्कूटर घ्या.’

आता गाडीविषयी. गाडी माझ्या मोठ्या काकांची. १९८९ची, कास्ट आयर्न इंजिनची बुलेट ३५०. काकांनी तरुणपणी तिला ‘ट्रायल्स’ करून टाकलं होतं. म्हणजे सायलेन्सर उचलून वर, पुढे २१ इंची चाक, एकट्यापुरती सीट आणि गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट छोटं, म्हणजे गाडी मुंगीच्या चालीनं दगड चढेल. ट्रायल्स हा शर्यतीच्या बरोब्बर उलटा खेळ. वेगाला कोणी विचारत नाही. दगड, चिखल, ओढा यांतून तोल सांभाळत जायचं आणि पाय जमिनीला टेकला की दंडाचे गुण. आपली साधी, दूधवाल्यांची आणि फौजदारांची बुलेट या खेळातली एकेकाळची हीरो आहे, हे काकांनीच मला सांगितलं. जॉनी ब्रिटननं ३५० बुलेटवर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल १९५२ आणि १९५७ अशी दोनदा जिंकली होती. (रॉयल एनफिल्डनं ती आठवण म्हणून २०१९ मध्ये इथे ‘बुलेट ट्रायल्स’ आणली. फार काळ टिकली नाही. काकांच्या मते रंग चांगला होता, बाकी राहू दे.)

काकांचे दोन्ही गुडघे बदललेत, त्यामुळे किक बंद. किल्ली माझ्याकडे आली. आणि पावसाळा संपता संपता दुखणं सुरू झालं. एक, गाडी स्टार्ट व्हायला पंधरा-वीस किका. दोन, बोपदेव घाटात जरा थ्रॉटल पिळला की इंजिनातून ठोके. बंगळुरूच्या दादानं लगेच गिऱ्हाईक शोधलं. ‘इंजिन गेलेली’ म्हणून चाळीस हजार. पार्किंगचीही कटकट होतीच. महिनाअखेर निर्णय घ्यायचा, असं फोनवर ठरलं. काका त्या फोनवर काहीच बोलले नाहीत. एरवी ते गॅसकेटवर अर्धा तास बोलू शकतात.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांचा फोन आला. ‘अगं, आवाज कसला आहे? टकटक, ढकढक की किणकिण?’

हसू नका. निम्मं निदान या प्रश्नात आहे. वरून, हलकी टिकटिक म्हणजे टॅपेट. इंजिन थंड असताना कव्हर काढायचं, पिस्टन वर आणायचा आणि पुशरॉड बोटांनी फिरवून बघायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. गाडी थंड असताना खडखड आणि तापल्यावर गप्प, म्हणजे पिस्टन सैल. डाव्या बाजूनं साखळी घासल्यासारखा आवाज, म्हणजे प्रायमरी चेन ढिली. आणि तळातून जड ढकढक आली तर मात्र बिगेंड, मग खरंच खोलावं लागतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानामागच्या हाडावर ठेवली की स्टेथोस्कोप तयार! सोसायटीतले आजोबा दोनदा विचारून गेले, ‘बरी आहेस ना?’

माझ्या गाडीचं लक्षण वेगळं होतं. थंड असताना चिडीचूप. तापल्यावर, कमी वेगात, चढावर थ्रॉटल उघडला की बाटलीत खिळे हलवल्यासारखी किणकिण. थ्रॉटल सोडला की गायब. काकांनी पुढचा प्रश्न विचारला, ‘किक उलटी मारते का?’ मारत होती. चांगलीच. चोपन्न किलोच्या मुलीला ती पायरीवरून उडवते, आणि घोटा मोडलेले बुलेटवाले मला दोन तरी माहीत आहेत.

‘मग दोन आजार नाहीत, एकच आहे,’ काका म्हणाले.

त्याचं असं आहे. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडायला हवी. किक मारताना हे अंतर मिलिमीटरभरापेक्षाही कमी असतं. वेग वाढला की ठिणगी आणखी लवकर लागते, म्हणून पॉइंटच्या प्लेटखाली छोटी वजनं आणि स्प्रिंगा असतात. वेगानं वजनं बाहेर फेकली जातात, वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना मागे ओढतात. या मागे आल्याच नाहीत तर? ठिणगी कायम घाईत. किक मारताना पिस्टन वर येतोय तोवरच पेट्रोल पेटतं आणि त्याला उलटा ढकलतं. चढावर तीच घाई म्हणजे, राहिलेलं मिश्रण दाबानं आपोआप भडकतं. ती किणकिण. ट्रायल्सची चाल तर सगळी हळू आणि लोडवरची, म्हणजे दुखण्याला सोयीचीच. (व्हॉट्सअॅपवर सगळा दोष वीस टक्के इथेनॉलला देतात. जुन्या रबरी पाइपांबद्दल खुशाल द्या. पण इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो, त्यामुळे किणकिण त्याच्या नावावर टाकताना जरा जपून.)

शनिवारी आधी खात्री केली. पॉइंटची प्लेट थोडी फिरवून टायमिंग मागे घेतलं आणि घाट चढले. किणकिण नाही! बिगेंड गेलं असतं तर ठिणगी मागे-पुढे केल्यानं ते गप्प बसलं नसतं. मग प्लेटच काढली. मधला कॅम बोटांनी फिरवून सोडला. त्यानं टुणकन मागे यायला हवं. आमचा फिरवला तिथेच, सरकारी फायलीसारखा. खाली वर्षानुवर्षांचं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालं होतं आणि एक स्प्रिंग ताणून लांबुळकी. रॉकेल, जुना टूथब्रश, तेलाचा थेंब, स्प्रिंगांची नवी जोडी. पॉइंटही खड्डे पडलेले होते, तेही बदलले, गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या मध्ये. टायमिंग परत जागेवर. सगळा खर्च हजाराच्या आत, नाश्त्यासकट.

मग किक. चावी लावली की अॅमीटरचा काटा उणेकडे झुकतो. किक हळू दाबत तो मध्यावर येईपर्यंत आणायचा, म्हणजे पॉइंट उघडले. डीकॉम्प्रेसर ओढून आणखी थोडं पुढे, सोडायचा, आणि मग पूर्ण पाय. दुसऱ्या किकला सुरू. फोन स्पीकरवर होता.

‘आयडलिंग जरा जास्त आहे,’ काका म्हणाले. ‘स्क्रू अर्धा फेरा मागे घे.’

दादाला त्यांनी स्वतःच कळवलं. सौदा रद्द. मला वरून यादी मिळालीय : प्रायमरी चेन, पेट्रोलचे पाइप, डाव्या कव्हरचं गॅसकेट. गॅसकेटवर अर्धा तास बोलले.