दुबराजचा वास आणि ठेवणीची गोष्ट

धमतरी जिल्ह्यातल्या नगरीचा दुबराज हा सुवासिक तांदूळ आमच्या घरी दर पौषात येतो. रायपूरच्या तात्यापारा-बूढापारा भागातल्या मराठी घरांत ही जुनी पद्धत आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर आला, त्यांच्यामागोमाग माणसं आली, आणि इथला तांदूळ तोंडाला लागला तो लागलाच. वर्षाचं धान्य भरून झालं की पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांचा वाटा बाजूला निघतो. आमचं पोतं आझाद हिंद एक्स्प्रेसने पुण्याला जातं. त्या गाडीत कुणी ना कुणी ओळखीचं असतंच.

मागे एका श्रावणात वन्संचा पुण्याहून फोन आला. "वहिनी, भात अगदी मोकळा होतो, शीत न् शीत सुटं. पण वास कुठे गेला हो? पूर्वी कुकरची शिटी झाली की शेजारच्या विचारायच्या, आज काय केलंत म्हणून." मी स्वयंपाकघरात जाऊन आमचा डबा उघडला. वास होता. संक्रांतीच्या वेळेइतका नव्हे, पण होता. तांदूळ एकाच शेतातला, एकाच दिवशी भरडलेला. त्यांच्याकडे तो पांढऱ्या विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यात, गच्चीला लागून असलेल्या खोलीत होता. आमच्याकडे स्टीलच्या डब्यात, काठोकाठ भरलेला, आतल्या अंधाऱ्या कोठीत. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही.

मी बरीच वर्षं कॉलेजात गृहविज्ञान शिकवलं. सुवासिक तांदळाच्या वासामागे अनेक द्रव्यं असली तरी मुख्य कोणतं, हे अमेरिकेत रॉन बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. त्याचं नाव 2-अॅसिटिल-1-पायरोलिन. दहा अब्ज भाग पाण्यात त्याचा एक भाग असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. बासमतीत तेच, आंबेमोहोरात तेच, दुबराजात तेच. पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या संशोधकांना ते मोहाच्या फुलांतही सापडलं. इथे चैत्रात मोहाचा सडा पडतो तेव्हा त्या गोडसर वासात भाताची आठवण का येते, ते मला ही माहिती वाचल्यावर उमगलं.

इतक्या थोडक्या प्रमाणात असलेलं हे द्रव्य उडूनही जातं. कापणीनंतर ते सर्वांत जास्त असतं आणि पहिल्या काही महिन्यांतच झपाट्याने उतरतं. उन्हाळ्यात रायपूरचा पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा तर विचारूच नका. एकीकडे हा वास कमी होत असतो आणि दुसरीकडे नवा वास तयार होत असतो. तांदूळ कितीही पॉलिश केला तरी दाण्यावर कोंड्याचा पातळ थर, म्हणजेच थोडी चरबी, उरते. हवेतल्या ऑक्सिजनने ती बिघडली की हेक्झॅनल नावाचं द्रव्य तयार होतं. जुन्या तांदळाला जो जरासा खवट, कोंदट वास येतो त्यात याचा मोठा हात असतो. वन्सं म्हणत होत्या वास गेला. खरं तर एक गेला होता आणि दुसरा आला होता.

पुढच्या पौषात मी ठरवून एकाच खेपेचा दुबराज वेगवेगळा ठेवला. थोडं धान तसंच टरफलासकट तागाच्या पोत्यात. बाकीचं भरडून काही पांढऱ्या पोत्यात, काही स्टीलच्या भरगच्च डब्यात, काही तशाच डब्यात पण अर्धवट भरून. थोडा तांदूळ ओट्यावरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या बरणीत, जिथे सकाळचं ऊन पडतं. आणि थोडा घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये. पांढरं पोतं मुद्दाम जिन्याखालच्या कपाटाजवळ ठेवलं, कारण बहुतेक घरांत त्याची जागा तीच असते: फिनेलची बाटली, उदबत्त्यांचा पुडा आणि डांबराच्या गोळ्या यांच्या शेजारी.

श्रावणात चाखायला बसलो. मी, सासूबाई, मुलगा आणि शेजारच्या छत्तीसगढी काकी. चाखण्याची रीत मी शिकवत असे तीच घेतली: तीन वाट्या, त्यातल्या दोन सारख्या, तिसरी वेगळी, वेगळी कोणती ते ओळखायचं. वर्गात मी गुणांची रीतही सांगत असे: ताटातल्या पदार्थांना एक ते नऊ असे गुण देण्याची जी पद्धत आज जगभर वापरतात, ती विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या शिकागोच्या संस्थेत तयार झाली. सैनिकांचं अन्न महिनोन् महिने गोदामात पडून राहणार, मग ते तोंडात घातल्यावर खावंसं वाटेल का, हा प्रश्न तिथे खरोखर जीवनमरणाचा होता. आपल्याकडे मैसूरला 1961 मध्ये संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा निघाली, तिचंही काम हेच. वर्गात हे सांगताना मुली वहीत उतरवून घेत, पण आपल्या घरच्या कोठीशी याचा संबंध आहे असं कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नसे.

सगळा भात बिनमिठाचा, तेवढ्याच पाण्यात, एकाच पातेल्यात एकामागून एक शिजवला आणि झाकणाच्या वाट्यांत काढला. झाकण उघडल्यावरची पहिली वाफ नाकाशी घ्यायची, मगच घास. सासूबाईंना आता दिसतं कमी, पण त्यांनी पांढऱ्या पोत्यातली वाटी उघडली आणि लगेच दूर सारली. "ह्याला उदबत्तीचा वास आहे गं." मला तो आला नव्हता. काकींनी पुन्हा हुंगून पाहिलं आणि मान हलवली, त्यांनाही आला. विणलेल्या पोत्याला हवा अडत नाही, आणि तांदूळ शेजारचे वास ओढून घेतो. ज्या पोत्याला आपण भरलेलं, शिवलेलं, म्हणजे बंद समजतो ते वासाच्या दृष्टीने सताड उघडं असतं.

मग पौषापासून टरफलातच राहिलेलं जे धान आदल्या दिवशी भरडून आणलं होतं त्याची वाटी आली. काकींनी झाकण उचललं आणि म्हणाल्या, "बने ममहावत हे." म्हणजे छान घमघमतंय. पौषातला वास नव्हे, पण बाकी सर्वांच्या पुढे. टरफल आणि कोंडा शाबूत असले की दाण्याला हवा सहजी भिडत नाही आणि चरबी जागच्या जागी राहते. भरडताना ते कवच जातं आणि तिथून दाण्याचं म्हातारपण वेगाने सुरू होतं. इकडे गावांत धान मातीच्या कोठीत ठेवतात, विदर्भात कणगीत ठेवत, आणि लागेल तसं काढून कुटत. त्या रीतीमागे कीड आणि उंदीर यांचा विचार होताच, पण वासही त्यानेच राखला जात होता, असं मला त्या वाटीवरून ठामपणे वाटतं.

फ्रीजमधल्या तांदळाचा वास धानाच्या जवळ जाणारा होता, पण भात चिकट झाला. मुलाने तो ओळखला तो वासावरून नाही, बोटांवरून. भात मोकळा होणं हेही मुरण्याचंच काम आहे. महिने जातात तशी दाण्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात, दाणा पाणी जास्त पितो, लांबतो, पण पिष्ट बाहेर कमी सोडतो. गारठ्यात हे सगळं संथ होतं. जपानमध्ये चिकट नव्या तांदळाला मान, म्हणून तिथे तांदळाची गोदामंसुद्धा 15 अंशांच्या आत थंड ठेवतात. आपण जुना तांदूळ जास्त पैसे देऊन घेतो. सासूबाईंना मसालेभातासाठी कोणता निवडाल असं विचारल्यावर त्यांनी पांढऱ्या पोत्यातलाच निवडला, उदबत्तीसकट. "गोडा मसाला पडला की उदबत्ती कुठे कळतेय?" वरण-भात-तुपाला मात्र त्यांनी धानाची वाटी मागितली. मला हा निकाल फार पटला. वास आणि मोकळेपणा दोन्ही एकाच तांदळाकडून वर्षभर मागणं खोटं आहे. आपल्याला काय हवं ते आधी ठरवायचं आणि मग भांडं निवडायचं.

भरगच्च डबा आणि अर्धा डबा यांतला फरक आम्हा चौघांपैकी दोघांनाच कळला. उन्हातली बरणी मात्र सगळ्यांनी ओळखली. उजेडाने चरबी बिघडण्याला गती मिळते हे मी फळ्यावर लिहून शिकवलं होतं, पण सहा महिने सकाळचं ऊन खाल्लेल्या भाताचा घास जिभेवर ठेवल्यावर घशाशी जे राहतं ते फळ्यावरून कळत नाही. तळलेल्या चिवड्याचं तर त्याहून वाईट. दुकानाच्या दारात पारदर्शक पुड्या लटकवलेल्या असतात, कारण शेंगदाणे आणि काजू दिसायला हवेत. पुडी फोडली की चिवडा कुरकुरीत असतो, ओल शिरलेली नसते, आणि तरी शेंगदाणा खवट. साध्या पॉलिथिनला बाहेरची ओल बऱ्यापैकी अडते, ऑक्सिजन अडत नाही. आतून चंदेरी अस्तर असलेलं पाकीट दोन्ही अडवतं आणि उजेडही अडवतं, म्हणून वेफर्सवाले तेच वापरतात आणि हवा काढून नायट्रोजन भरतात. भाटापाऱ्याच्या गिरण्यांतले पोहे दूरदूर जातात, आणि त्यांनाही हाच धोका आहे: पोह्यांत कोंड्याचा अंश राहतो, आणि चपटा दाणा हवेला सगळ्या अंगाने उघडा.

तागाच्या पोत्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. नव्या बारदानाला रॉकेलसारखा उग्र वास येतो, कारण तागाचे धागे सूत काढण्यापूर्वी खनिज तेलाने मऊ करतात. धानाला टरफल असतं म्हणून खपतं. त्यात तांदूळ, कोको किंवा कॉफी भरली तर वास धरतो, म्हणून निर्यातीसाठी वनस्पती तेलावर तयार केलेलं पोतं मागतात. घरी करता येण्यासारखं एवढंच, की पोतं आधी चांगलं उन्हात वाळवायचं, झटकायचं, आणि आत स्वच्छ सुती कापड घालायचं.

नगरी दुबराजला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. धमतरी जिल्ह्यातल्या महिला बचत गटाच्या नावाने ते आलं याचा मला विशेष आनंद झाला. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात छत्तीसगढच्या धानाचे 23,000 हून अधिक नमुने जपलेले आहेत, डॉ. आर. एच. रिछारिया यांनी 1970 च्या दशकात गावोगाव फिरून केलेला संग्रह हा त्यांचा पाया. तिथे बी थंड खोलीत राहतं, उगवण्याची ताकद टिकावी म्हणून. पण बाजारात ह्याच धानाचा तांदूळ होऊन येतो तेव्हा त्याच्या पाकिटावर भरल्याची तारीख असते. धान कोणत्या हंगामातलं, भरडलं कधी, हे कुठेच कळत नाही. माझ्या मते सुवासिक तांदळाच्या पाकिटावर भरडल्याची तारीख मोठ्या अक्षरात हवी. घेणाऱ्याला नाव कळतं, गाव कळतं, आणि ज्या गोष्टीसाठी तो जास्त पैसे देतो तिचं वय तेवढं कळत नाही, हे मला मान्य होत नाही.

रायपुरात भरलेल्या एका प्रदर्शनात तांदूळ विकणाऱ्या बायकांशी मी हे बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यातली एक म्हणाली, धान ठेवायला आमच्याकडे जागा आहे, मागणी आली की भरडू, पण छोटी गिरणी गावात हवी. शहरात नेऊन भरडायचं तर थोडंथोडं परवडत नाही. आणि अस्तराचं पाकीट एक किलोमागे किती रुपयांनी महाग पडतं ते तिने तोंडपाठ सांगितलं. तेवढे पैसे गिऱ्हाईक देईल का, हा तिचा मला उलटा प्रश्न होता. मी माझ्यापुरतं हो म्हणाले आणि वन्संच्या वतीनेही.

यंदा पुण्याला पोतं जाणार नाही. माघाच्या सुरुवातीला, थंडी आहे तोवर, ताजा भरडलेला तांदूळ छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून पाठवते आहे. वन्संच्या फ्रीजमध्ये चारच बाटल्या मावतात असं त्या म्हणाल्या. त्या चार सणावाराच्या वरण-भातासाठी, बाकीच्या स्टीलच्या डब्यात ओतून, गच्चीच्या खोलीत नाही, आतल्या बाजूला. मसालेभाताचा मागच्या वर्षीचा तांदूळ त्यांच्याकडे अजून आहे.