फोर्तिस

शास्त्राच्या पुस्तकात बलासाठी 'एफ' हे अक्षर असतं. ते 'फोर्स'चं पहिलं अक्षर, हे सातवीतल्या कॅडेटलाही ठाऊक आहे. गंमत अशी, की न्यूटनने १६८७ साली 'प्रिन्सिपिया' छापला तो लॅटिनमध्ये, आणि त्यात बलाला तो 'वीस' म्हणतो. उच्चार साधारण आपल्या वीस आकड्यासारखाच! बलासाठी लॅटिनमधला हाच जुना, रुळलेला शब्द. पण फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज या लॅटिनच्या लेकींनी तो माहेरीच ठेवला आणि दुसराच शब्द उचलला.

तो शब्द 'फोर्तिस'. आमच्या ग्रंथालयात एक जाडजूड कोश आहे, शब्दाची कुळकथा सांगणारा. रविवारी मी तो घेऊन बसतो. (मित्र म्हणतात, उचलायलाच ताकद लागते.) फोर्तिस म्हणजे बळकट. त्याचं नपुंसकलिंगी अनेकवचन 'फोर्तिया', म्हणजे बळकट गोष्टी. शेवटी 'आ' आला आणि पुढे बोलणाऱ्यांना ते स्त्रीलिंगी एकवचन वाटू लागलं. अनेक गोष्टींची एकच 'ती' झाली.

मराठी माणसाला हे चटकन पटावं. आपण 'ती मुलगी' म्हणतो आणि 'ती घरं'ही म्हणतो. माझा बिहारचा रूममेट माझ्याकडून मराठी शिकतो, तो इथेच अडकतो. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे घरं अचानक 'ती' का झाली हे त्याला कळत नाही. रोमन लोकांचंही असंच झालं असणार, असं मी त्याला सांगितलं. त्याने विचारलं, परीक्षेला येणार आहे का?

फोर्तियाचं इटालियनमध्ये 'फोर्त्सा' झालं, फ्रेंचमध्ये 'फोर्स', स्पॅनिशमध्ये 'फुएर्सा', पोर्तुगीजमध्ये 'फोर्सा'. इटालियन 'त्सा' मला फार आवडतो, कारण तो आपल्या चमच्यातला 'च' आहे, जो इथे उत्तरेत कुणाला नीट म्हणता येत नाही. आपणही तेच केलंय. संस्कृत 'नृत्य' प्राकृतातून येता येता 'नाच' झालं. तिथेही 'त्य'चा 'च' आणि इथेही! रोमानियात तर फोर्तिसचं 'फोआर्ते' झालं आणि त्याचा अर्थ उरला नुसता 'खूप'. इतका बलवान शब्द, आणि काम काय, तर 'खूप छान' मधला 'खूप' व्हायचं.

पण फोर्तिसचा आणखी एक अर्थ कोशात आहे: शूर. बळकट आणि शूर, दोघांना एकच शब्द. पुढे लेकींच्या घरी शौर्याला वेगळा शब्द मिळाला, हृदयाला 'कोर' म्हणतात त्यावरून आलेला, फ्रेंचमध्ये 'कुराज'. म्हणजे बळ दंडात गेलं आणि धैर्य काळजात. आपल्याकडेही जोर म्हटलं की आधी जोर-बैठकाच आठवतात. पीटीचे उस्ताद 'ज़ोर लगाके' म्हणतात तेव्हा त्यांना माझे हात दिसत असतात, आणि हातांच्या बाबतीत मी आमच्या हाऊसमध्ये शेवटून तिसरा आहे. त्यामुळे हा दुसरा अर्थ कुठे हरवला, याची मला जरा जास्तच चौकशी.

तो पूर्ण हरवलेला नाही. पोर्तुगीज लोक संकटातल्या माणसाला नुसतं 'फोर्सा!' म्हणतात. आपण 'धीर धर' म्हणतो तसं.

मागच्या टर्ममध्ये रूममेटचे वडील गेले. रात्री साडेनऊला त्याला ऑफिसात बोलावलं, पहाटेची गाडी होती. तो बॉक्सिंगच्या टीममधला, पण त्याला बुटांच्या नाड्या बांधता येईनात. मी बांधल्या. काहीतरी बोलायला हवं होतं. हिंदीत 'हिम्मत रख' म्हणतात, पण हिम्मत तर त्याच्याकडे होतीच. 'धीर धर' तोंडात आलं, ते मराठीत होतं. तेच म्हणालो. 'धर' त्याला समजलं. त्याने माझं मनगट धरलं आणि गाडी येईपर्यंत सोडलं नाही.

तेरा दिवसांनंतर तो परत आला. आता अभ्यासाच्या वेळी गणित अडलं, की माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणतो, "धीर धर." आणि 'ती घरं' अजूनही चुकतो.